रोगप्रतिकारक पेशींमधले साइटोकाइन कसे मोजायचे: रक्ताच्या नळीपासून टक्केवारीपर्यंत

साइटोकाइन म्हणजे रोगप्रतिकारक पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी सोडतात ती प्रथिने. ती मोजायला घेण्याआधी आपला प्रश्न नेमका कोणता आहे ते कागदावर लिहून काढा. पेशींनी भोवतालच्या द्रवात एकूण किती साइटोकाइन सोडले, हा प्रश्न असेल तर एलायझा (अँटीबॉडीने पकडून रंगाच्या गडदपणावरून मोजणारी चाचणी) पुरते. शंभरातल्या किंवा लाखातल्या किती पेशींनी ते सोडले, हे हवे असेल तर एलिस्पॉट (यात साइटोकाइन सोडणारी प्रत्येक पेशी पडद्यावर एक ठिपका उमटवते). आणि सोडणाऱ्या पेशी सीडी४ होत्या, सीडी८ होत्या (हे टी पेशींचे दोन प्रकार) की मोनोसाइट, हे पाहायचे असेल तर साइटोकाइन पेशीतच अडवून, आतून रंगवून फ्लो सायटोमीटरवर (एकेक पेशी लेसरसमोरून नेऊन तिचा रंग मोजणारे यंत्र) मोजावे लागते. आरटी-पीसीआरने साइटोकाइनचा आरएनए मोजता येतो, पण आरएनए आहे म्हणून प्रथिन बाहेर पडले असे होत नाही. विश्रांतीतल्या एनके पेशी (नैसर्गिक मारक पेशी) इंटरफेरॉन-गॅमा या साइटोकाइनचा आरएनए तयारच ठेवतात आणि प्रथिन मात्र चेतना मिळाल्यावरच सोडतात. म्हणून एकट्या पीसीआरवर 'पेशी सक्रिय आहेत' असा निष्कर्ष काढू नये.

पद्धत कोणतीही निवडा, निकाल बिघडतो तो बहुतेक वेळा अँटीबॉडी टाकण्याच्या कितीतरी आधी. रक्त कसे आणले, पेशी किती जिवंत राहिल्या आणि चेतना (पेशींना उत्तेजित करणारा पदार्थ) न दिलेली वेल (प्लेटमधली वाटी) किती शांत होती, या तीन गोष्टी नीट असतील तर पुढची कामे हाताला वळण लागले की जमतात. त्यामुळे या लेखात सुरुवातीच्या टप्प्यांना जास्त जागा दिली आहे.

रक्त: बर्फ नको, ऊन नको, उशीर नको

कराड, सांगली, मिरज इथल्या प्रयोगशाळांत नमुने पाटणच्या डोंगराळ भागातून येतात, तसे जत-आटपाडीच्या कोरड्या पट्ट्यातूनही. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या माणसांच्या हाताला लसींची शीतसाखळी बसलेली असते, त्यामुळे नळी हातात आली की ती आपसूक आइसपॅकमध्ये जाते. लसीसाठी ती सवय योग्य आहे, या रक्तासाठी घातक. थंडीत टी पेशींची प्रतिक्रिया मंदावते आणि प्लेटलेट सक्रिय होऊन गुठळ्या धरतात. रक्त १८ ते २५ अंश सेल्सिअसला राहिले पाहिजे. व्हॅक्सिन कॅरिअर तोच वापरा, पण पॅकमध्ये साधे पाणी भरून ते रात्रभर एसीच्या खोलीत २२ अंशांच्या आसपास ठेवा आणि सकाळी कॅरिअरमध्ये लावा. मे महिन्यात म्हसवड-आटपाडीकडे पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा हे पॅक उष्णता अडवतात. डिसेंबरच्या पहाटे महाबळेश्वरहून निघालेल्या नमुन्याला हेच पॅक थंडीपासून वाचवतात. कॅरिअरवर ठळक अक्षरात 'बर्फ घालू नये' लिहा आणि आत एक साधा थर्मामीटर ठेवा.

नळी सोडियम हेपॅरिनची, म्हणजे हिरव्या बुचाची. ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवते आणि टी पेशी सक्रिय व्हायला कॅल्शियम लागतेच, म्हणून जांभळ्या बुचाची नळी या कामाला टाळा. रक्त काढल्यापासून ८ तासांच्या आत पेशी वेगळ्या व्हायला हव्यात. त्यापुढे ग्रॅन्युलोसाइट (कणयुक्त पांढऱ्या पेशी) सक्रिय होतात, त्यांची घनता बदलते, ते आपल्याला हव्या असलेल्या मोनोन्यूक्लिअर पेशींच्या (लिम्फोसाइट आणि मोनोसाइट) थरात मिसळतात आणि टी पेशींचा प्रतिसाद दाबतात. गंमत अशी की अशा नमुन्यात पेशींचा एकूण आकडा छान दिसतो, प्रतिसाद मात्र पडलेला असतो. जतहून मिरजेला यायला रस्त्यावरच दोनेक तास जातात, तेव्हा रक्त सकाळी काढून त्याच दिवशी दुपारपर्यंत कामाला लागेल असा क्रम लावा. प्रत्येक नळीवर रक्त काढल्याची वेळ लिहिलेली असावी. नुसती तारीख उपयोगाची नाही.

संमतीपत्र आणि नैतिकता समितीची मंजुरी रक्त काढण्याआधी हवी. प्रत्येक नमुना संसर्गजन्य आहे असे धरूनच जैवसुरक्षा पातळी २ च्या कॅबिनेटमध्ये काम करा.

पेशी वेगळ्या करणे

१० मिली रक्तात १० मिली पीबीएस (फॉस्फेटयुक्त क्षारद्रावण) मिसळा. ५० मिलीच्या ट्यूबमध्ये १५ मिली फायकॉल (पेशी घनतेनुसार वेगळ्या करणारा द्रव, घनता १.०७७) घ्या. ट्यूब तिरकी धरून, पिपेटचे टोक काचेला टेकवून, पातळ केलेले रक्त थेंबाथेंबाने वर सोडा. दोन थर एकमेकांत मिसळता कामा नयेत, इथे घाई केली की पुढचे सगळे गढूळ होते. फायकॉल फ्रिजमधून काढून लगेच वापरू नका, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. थंड फायकॉलवर लाल पेशी आणि ग्रॅन्युलोसाइट थरात येतात. खोली फार तापलेली असेल तर उलटे होते: लिम्फोसाइट थरात कमी मिळतात. सेंट्रिफ्यूजला तापमान नियंत्रण असेल तर २० अंश ठेवा.

४०० जी, ३० मिनिटे, ब्रेक बंद. ब्रेक चालू राहिला तर थर शेवटच्या क्षणी ढवळला जातो. 'जी' (गुरुत्वाकर्षणाच्या किती पट) आणि आरपीएम (मिनिटाला फेरे) यांची गल्लत फार होते. सूत्र असे: जी = ०.००००१११८ × त्रिज्या (सेंटिमीटर) × आरपीएमचा वर्ग. रोटरची त्रिज्या १६ सेंमी असेल तर ४०० जी म्हणजे साधारण १,५०० आरपीएम. १० सेंमी असेल तर साधारण १,९००. दुसऱ्या प्रयोगशाळेच्या टिपणातला आरपीएम जसाच्या तसा उचलू नका. आपल्या रोटरची त्रिज्या मोजून आकडा काढा आणि तो यंत्रावर चिकटवून ठेवा.

फिरता फिरता लाइट गेली तर झाकण उघडायची धडपड करू नका, रोटर आपणहून थांबू द्या. वेळ बहुतेक पूर्ण होत आली असेल आणि पांढरट थर स्वच्छ, एकसंध दिसत असेल तर तो उचलता येतो. सुरुवातीलाच गेली असेल तर वीज आल्यावर पूर्ण वेळ पुन्हा फिरवा.

पांढरा थर बारीक पिपेटने उचलून पीबीएसमध्ये टाका. ३०० जी, १० मिनिटे. दुसरे धुणे २०० जी, १० मिनिटे, म्हणजे प्लेटलेट वरच्या द्रवात राहून निघून जातात. निरोगी प्रौढाच्या १ मिली रक्तातून साधारण १० ते २० लाख पेशी मिळतात. ०.४ टक्के ट्रिपॅन ब्लूने (हा मेलेल्या पेशींना रंगवतो) मोजा. ताज्या पेशींत ९० टक्क्यांहून जास्त जिवंत असाव्यात.

माध्यम आरपीएमआय-१६४०, त्यात १० टक्के फीटल बोव्हाइन सिरम (५६ अंशांवर ३० मिनिटे ठेवलेले), २ मिलिमोलर ग्लुटामिन आणि पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन. वीज जाऊन इनक्युबेटरचा कार्बन डायऑक्साइड ढळण्याची भीती असेल तर २५ मिलिमोलर हेपीस घाला, पीएच सांभाळला जातो. सिरमची प्रत्येक बॅच सारखी नसते. काही बॅच स्वतःच पेशींना डिवचतात. नवी बॅच आली की चेतना न देता ओळखीच्या पेशींवर तपासा, मगच मोठी मागणी नोंदवा.

पेशी साठवायच्या असतील तर ९० टक्के सिरम आणि १० टक्के डीएमएसओ (गोठताना पेशींना वाचवणारा द्रावक), थंड होण्याचा वेग मिनिटाला १ अंश, रात्रभर उणे ८०, मग द्रव नायट्रोजन. सातारा-सांगलीच्या दूधपट्ट्यात कृत्रिम रेतनासाठी द्रव नायट्रोजन तालुक्या-तालुक्यांत फिरत असतो, त्यामुळे पुरवठादार शोधायला लांब जावे लागत नाही. कंटेनरमधली पातळी मात्र आठवड्यातून ठरलेल्या दिवशी पट्टीने मोजून वहीत लिहा. वितळवताना ३७ अंशांच्या पाण्यात बर्फाचा बारीक खडा उरेपर्यंत ठेवा, कोमट माध्यमात हळूहळू मिसळा, डीएमएसओ धुवून टाका आणि पेशींना रात्रभर विश्रांती द्या. विश्रांती दिली नाही तर मरणाऱ्या पेशींचा गाळ प्रतिसादात मिसळतो.

चेतना: किती, कशाने, किती वेळ

९६ वेलच्या यू-तळाच्या प्लेटमध्ये दर वेलला १० लाख पेशी १०० मायक्रोलिटरमध्ये घ्या. त्यावर दुप्पट तीव्रतेची चेतना १०० मायक्रोलिटर. प्रत्येक रक्तदात्याच्या किमान चार वेल लावा: चेतना न दिलेल्या दोन, प्रतिजनाची (पेशी ओळखतात का ते पाहायचे तो पदार्थ) एक, आणि खात्रीने प्रतिसाद देणारी एक. चेतना न दिलेल्या वेलमध्येही प्रतिजनाच्या वेलइतकेच डीएमएसओ (चेतना यातच विरघळवलेली असते) आणि तीच सहचेतना (खाली दिलेल्या सीडी२८, सीडी४९डी विरोधी अँटीबॉडी) असली पाहिजे, नाहीतर तुलनाच खोटी. डीएमएसओचे एकूण प्रमाण ०.५ टक्क्याच्या आत, जमेल तर त्याहून कितीतरी कमी ठेवा.

खात्रीच्या वेलसाठी वापरायची पीएमए ५० नॅनोग्रॅम आणि आयोनोमायसिन १ मायक्रोग्रॅम दर मिलीला ही जोडी टी पेशीच्या ग्राहीला वळसा घालून थेट आत खुणावते. म्हणून ती 'पेशी बनवू शकते का' एवढेच सांगते, प्रतिजन ओळखते की नाही ते सांगत नाही. पीएमएचा मूळ साठा १ मिलिग्रॅम दर मिली असेल तर १० मायक्रोलिटर ९९० मायक्रोलिटर माध्यमात टाका. त्या मिश्रणातले १० मायक्रोलिटर १ मिली माध्यमात टाकले की दुप्पट तीव्रतेचे द्रावण तयार. पीएमए ट्यूमर वाढवणारे रसायन आहे, हातमोजे काढू नका. आणखी एक: पीएमए दिल्यावर सीडी४ पेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढले जाते. चेतना दिलेल्या वेलमध्ये सीडी४ पेशी 'गायब' झाल्या तर घाबरू नका. सीडी४ची अँटीबॉडी पेशीला छिद्रे पाडल्यानंतर लावा किंवा सीडी३ असलेल्या पण सीडी८ नसलेल्या पेशी मोजा.

प्रतिजनासाठी १५ अमिनो आम्लांच्या पेप्टाइडांचे (प्रथिनाच्या छोट्या तुकड्यांचे) मिश्रण, ज्यात शेजारच्या दोन पेप्टाइडांत ११ अमिनो आम्ले सामाईक असतात, दर पेप्टाइडला १ मायक्रोग्रॅम दर मिली. सोबत सीडी२८ आणि सीडी४९डी विरोधी अँटीबॉडी प्रत्येकी १ मायक्रोग्रॅम. संपूर्ण प्रथिन वापरणार असाल तर ते ई. कोलायमध्ये बनवले आहे का ते पाहा. त्यातल्या एंडोटॉक्सिनने (जिवाणूच्या आवरणातले विष) मोनोसाइट पेटतात, आयएल-१२ (इंटरल्युकिन-१२) आणि आयएल-१८ सोडतात, आणि प्रतिजनाशी संबंध नसलेल्या पेशीसुद्धा इंटरफेरॉन-गॅमा बनवू लागतात. हा खोटा प्रतिसाद दिसायला अगदी खऱ्यासारखा असतो. मोनोसाइटचाच अभ्यास असेल तर चेतना म्हणून लिपोपॉलिसॅकराइड (हेच एंडोटॉक्सिन) १०० नॅनोग्रॅम दर मिली, ४ ते ६ तास.

साइटोकाइन बाहेर पडण्याआधी अडवायला ब्रेफेल्डिन ए. ते एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमपासून गॉल्जीपर्यंतची वाट बंद करते. अंतिम तीव्रता १० मायक्रोग्रॅम दर मिली: ५ मिलिग्रॅम दर मिलीच्या साठ्यातले २० मायक्रोलिटर ९८० मायक्रोलिटर माध्यमात, आणि त्यातले २२ मायक्रोलिटर दर वेलला. कधी टाकायचे यात चूक फार होते. पेप्टाइड पृष्ठभागावरच बसतात, त्यांच्यासाठी ब्रेफेल्डिन एका तासाने टाकले तरी चालते. संपूर्ण प्रथिन मात्र पेशीने आत घेऊन, तुकडे करून, पृष्ठभागावर आणून मांडावे लागते. ब्रेफेल्डिन सुरुवातीलाच टाकले तर ही मांडणीच थांबते आणि प्रतिसाद शून्य येतो. तिथे निदान दोन तास थांबा. एकूण वेळ साधारण ६ तास. रात्रभर ब्रेफेल्डिनमध्ये ठेवलेल्या पेशी मरतात. पेशी विष बाहेर टाकतात का हे सीडी१०७एने (विष सोडताना पृष्ठभागावर येणारी खूण) पाहायचे असेल तर त्याची अँटीबॉडी चेतनेसोबतच टाका आणि मोनेन्सिनही (ब्रेफेल्डिनसारखाच वाट अडवणारा पदार्थ) वापरा.

सगळी साइटोकाइन सहा तासांत सापडत नाहीत. टीएनएफ लवकर येतो, इंटरफेरॉन-गॅमा आणि आयएल-२ या वेळेत चांगले दिसतात, आयएल-१० उशिरा बनते. आयएल-१ बीटा तर गॉल्जीच्या वाटेने जातच नाही, त्यामुळे ब्रेफेल्डिन त्याला अडवू शकत नाही. त्यासाठी एलायझाच बरी.

रंगवणे

प्लेट थंड करा, ३५० जीला ५ मिनिटे फिरवा. मृत पेशींचा रंग आधी लावा, आणि तो प्रथिनविरहित साध्या पीबीएसमध्ये: २० मिनिटे, अंधारात. हा रंग अमाइन गटांना चिकटतो. बफरमध्ये सिरम असले तर तो सिरमलाच चिकटून संपतो. हा टप्पा गाळू नका. मेलेली पेशी जवळपास कोणतीही अँटीबॉडी धरून बसते, आणि ०.०५ टक्क्याच्या प्रतिसादात अशा थोड्या पेशीही निकाल पालटतात.

मग एफसी ब्लॉक (अँटीबॉडी नको तिथे चिकटू नये म्हणून), नंतर पृष्ठभागाच्या अँटीबॉडी १०० मायक्रोलिटरमध्ये ३० मिनिटे, ४ अंशांवर. धुवा. ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडने २० मिनिटे स्थिर करा. ते ताजे हवे. बाटलीतल्या जुन्या फॉर्मलिनमध्ये मिथेनॉल असते आणि मिथेनॉल पीईसारखे प्रथिन-रंग मारते. इथून पुढे पेशी हलक्या होतात, तेव्हा वेग ५०० ते ६०० जी करा, नाहीतर प्रत्येक धुण्यात पेशी ओतल्या जातील.

छिद्रे पाडायला ०.१ टक्का सॅपोनिन, ०.५ टक्का बीएसएसह. सॅपोनिनची छिद्रे कायमची नसतात. ते काढले की पडदा पुन्हा मिटतो. म्हणून आतली अँटीबॉडी लावताना (३० मिनिटे) आणि त्यानंतरच्या दोन धुण्यांतही सॅपोनिन असलेच पाहिजे. धुणे साध्या पीबीएसने केले तर सैल अँटीबॉडी आतच कोंडली जाते आणि पार्श्वभूमी फुगते. शेवटी १ टक्का सिरमच्या पीबीएसमध्ये घ्या आणि २४ तासांच्या आत यंत्रावर चालवा. टँडम रंग (दोन रंग जोडून बनवलेले) उजेडात आणि फिक्सेटिव्हमध्ये तुटतात, प्लेट फॉइलमध्ये ठेवा.

अँटीबॉडीची मात्रा बाटलीवरच्या शिफारशीवर सोडू नका. दुपटीने पातळ करत ६-७ मात्रा लावा आणि धन (रंगलेल्या) आणि ऋण (न रंगलेल्या) गटांतले अंतर सर्वात स्वच्छ दिसते ती निवडा. बहुतेकदा शिफारशीपेक्षा कमी मात्रा पुरते, आणि पैसेही वाचतात.

गेट आणि आकडे

गेट म्हणजे आलेखावर हव्या त्या पेशी वेगळ्या काढणारी रेघ. क्रम असा: वेळेचा आलेख पाहून प्रवाह अडखळला तो भाग वगळा, जोडपेशी काढा, मृत काढा, सीडी३, मग सीडी४ आणि सीडी८, शेवटी साइटोकाइन. साइटोकाइनची रेघ एफएमओ कंट्रोलवरून (साइटोकाइनची सोडून बाकी सगळ्या अँटीबॉडी लावलेला नमुना) आणि चेतना न दिलेल्या वेलवरून आखा. एकदा आखलेली रेघ त्या रक्तदात्याच्या सगळ्या वेलना तीच ठेवा. वेलगणिक रेघ सरकवली की हवा तो निकाल मिळतो.

किती पेशी मोजायच्या? मोजणीतली अनिश्चितता साधारण धन पेशींच्या वर्गमुळाइतकी असते. १०० धन पेशी मिळाल्या तर चूक १० टक्के, २५ मिळाल्या तर २० टक्के. प्रतिसाद ०.०५ टक्के अपेक्षित असेल तर १०० धन पेशींसाठी २ लाख सीडी४ पेशी तपासाव्या लागतील. रक्तातून काढलेल्या पेशींत सीडी४ साधारण ४० टक्के धरल्या तर ५ लाख जिवंत पेशी यंत्रातून जायला हव्यात. दर वेलला १० लाख पेशींचा हिशेब इथून येतो, कारण धुण्यांत बऱ्याच वाहून जातात. चेतना न दिलेल्या वेलचा आकडा वजा करून निकाल द्या, पण दोन्ही मूळ आकडे तक्त्यात दाखवा. ०.१२ वजा ०.०३ आणि ०.३० वजा ०.२१ दोन्हींची वजाबाकी ०.०९ येते, तरी दुसऱ्या नमुन्यावर विश्वास ठेवायला मी तयार नाही.

फ्लो सायटोमीटर नसेल तर एलिस्पॉट

जिल्ह्याच्या ठिकाणच्या छोट्या प्रयोगशाळेला हीच पद्धत सर्वात परवडणारी आणि सर्वात संवेदनशील. पीव्हीडीएफ पडद्याची ९६ वेलची प्लेट घ्या. दर वेलला १५ मायक्रोलिटर ३५ टक्के इथेनॉल, एका मिनिटाच्या आत निर्जंतुक पाण्याने पाच वेळा धुवा. पडदा मध्येच कोरडा पडू देऊ नका. इंटरफेरॉन-गॅमाची पकड-अँटीबॉडी १५ मायक्रोग्रॅम दर मिली, १०० मायक्रोलिटर, रात्रभर ४ अंशांवर. सकाळी धुऊन सिरमयुक्त माध्यमाने अर्धा तास ब्लॉक करा.

प्रतिजनाच्या वेलमध्ये २ ते २.५ लाख पेशी, प्रत्येकाच्या तीन वेल. फायटोहीमॅग्लुटिनिनच्या (इथली खात्रीची चेतना) वेलमध्ये ५० हजार पुरतात, जास्त टाकल्या तर ठिपके एकमेकांत मिसळून मोजता येत नाहीत. ३७ अंशांवर १६ ते २४ तास. प्लेटवर प्लेट रचू नका, आणि इनक्युबेटरचे दार कामाशिवाय उघडू नका. हलल्यावर पेशी सरकतात आणि ठिपक्याला शेपूट फुटते. रात्री वीज जाऊन तापमान उतरले तर ठिपके लहान आणि फिके येतात. इनक्युबेटर यूपीएसवर हवाच.

दुसऱ्या दिवशी पीबीएसने धुवा, त्यात ट्वीन (साबणासारखा पदार्थ) घालू नका, पडदा गळतो. बायोटिन लावलेली अँटीबॉडी १ मायक्रोग्रॅम, २ तास. स्ट्रेप्टाव्हिडिन-एएलपी (बायोटिनला चिकटणारे एन्झाइम) १ तास. मग ०.४५ मायक्रॉनमधून गाळलेले बीसीआयपी-एनबीटी (ठिपक्यांना रंग देणारे द्रावण). स्वच्छ ठिपके उमटले की पाण्याने थांबवा, बहुधा १० ते १५ मिनिटांत. इकडच्या बोअरचे पाणी बऱ्याच ठिकाणी जड असते आणि वाळल्यावर पांढरे डाग सोडते, म्हणून शेवटचे धुणे डिस्टिल्ड पाण्याचे. खालचे प्लास्टिक काढून अंधारात पूर्ण वाळवा, ओल्या पडद्यावर पार्श्वभूमी गडद दिसते. रीडर नसेल तर स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली दोघांनी, कोणती वेल कुणाची हे न कळता, वेगवेगळे मोजावे.

एलायझा आणि क्षयाची इंटरफेरॉन चाचणी

एलायझात लक्षात ठेवण्यासारखे थोडेच. आयएल-२ आणि आयएल-४ पेशी स्वतःच खाऊन टाकतात, त्यामुळे ७२ तासांनी द्रव काढला तर ते 'बनलेच नाही' असे वाटते. २४ आणि ४८ तासांचे वेगवेगळे नमुने घ्या, छोट्या भागांत गोठवा. प्रमाण वक्र १,००० पिकोग्रॅमपासून दुपटीने उतरत १५.६ पर्यंत, प्रत्येकी दोन वेल. एचआरपी (रंग आणणारे एन्झाइम) असलेल्या टप्प्यात सोडियम अझाइडचा बफर वापरला तर एन्झाइमच मरते. पंख्याखाली प्लेट ठेवू नका, कडेच्या वेल आधी सुकतात. उन्हाळ्यात ३८ अंशांच्या खोलीत टीएमबी (एन्झाइमने रंगणारे द्रावण) झपाट्याने रंगते आणि रिकामी वेलही चढते, तेव्हा एसी लावून २५ अंशांवर काम करा.

क्वांटिफेरॉन-टीबी गोल्ड प्लस ही याच तत्त्वावरची तयार चाचणी. चार नळ्या, प्रत्येकी १ मिली रक्त: निल (चेतना नसलेली), टीबी१, टीबी२ (क्षयाच्या प्रतिजनाच्या) आणि मायटोजेन (खात्रीच्या चेतनेची). काढल्यावर नळी दहा वेळा हलवायची, म्हणजे आतल्या भिंतीवरचा प्रतिजनाचा थर रक्तात विरघळतो. १६ तासांच्या आत ३७ अंशांवर ठेवायची आणि १६ ते २४ तास तिथेच. टीबीच्या कोणत्याही एका नळीतून निल वजा केल्यावर ०.३५ आंतरराष्ट्रीय एकक दर मिली किंवा जास्त, आणि ते निलच्या २५ टक्क्यांहून कमी नाही, तर चाचणी धन. निल ८.० च्या वर गेली तर निकाल अनिर्णित. टीबीच्या नळ्या ऋण असताना मायटोजेन वजा निल ०.५ च्या खाली असले तरीही अनिर्णित. मायटोजेन पडणे म्हणजे कधी रुग्णाची प्रतिकारशक्ती दबलेली असते, आणि कधी नळी जीपच्या डॅशबोर्डवर तापलेली असते. म्हणून अनिर्णित निकाल हाती आला की रुग्णाला काही सांगण्याआधी रक्त काढल्याची वेळ आणि कॅरिअरमधला थर्मामीटर काय म्हणतो ते पाहा, आणि शंका असेल तर रक्त पुन्हा मागवा.